नाशिकमध्ये राहून डिजिटल प्रॉडक्ट डिझायनर कसं व्हावं: पहिल्या स्क्रीनपासून ऑफर लेटरपर्यंत

बारावीनंतर काय करायचं ते ठरवणारे, बीसीएस किंवा इंजिनिअरिंग करताना कोडिंगपेक्षा स्क्रीन मांडण्यात जास्त रमणारे, आणि ग्राफिक डिझाइनचं काम करता करता ॲपकडे वळू पाहणारे, अशा सगळ्यांसाठी हा क्रम आहे. तुमच्याकडे डिझाइनची पदवी नाही आणि पुण्या-मुंबईत ओळखी नाहीत, असं धरूनच तो लावला आहे. रोज दोन-तीन तास नेमाने दिले तर साधारण सहा ते नऊ महिन्यांत दाखवण्याजोगं काम तयार होतं. तीन महिन्यांत होतं असं सांगणाऱ्याला बहुतेक वेळा तुम्हाला काहीतरी विकायचं असतं.

१. आधी काम पाहून घ्या

देखणी स्क्रीन काढणं हा या कामाचा लहान भाग आहे. यूपीआयने पैसे भरताना खात्यातून रक्कम कापली गेली आणि समोरच्याला पोचली नाही, तर ॲप काय म्हणतं ते आठवा. पैसे परत येणार का, कधी, तोपर्यंत पुन्हा भरायचे का, तक्रार कुठे करायची? या चार प्रश्नांची उत्तरं कुठे आणि कोणत्या शब्दांत द्यायची हे कुणीतरी बसून ठरवलेलं असतं. ते ठरवणारा माणूस म्हणजे प्रॉडक्ट डिझायनर. त्याचा बराचसा दिवस लोकांना प्रश्न विचारण्यात, प्रॉडक्ट मॅनेजरशी वाद घालण्यात आणि ‘हे दोन आठवड्यांत होणार नाही’ म्हणणाऱ्या डेव्हलपरबरोबर मधला मार्ग काढण्यात जातो.

हे वाचून उत्साह वाटला तर पुढे चला. रंग, अक्षरं आणि चित्रंच खुणावत असतील तर ब्रँडिंग किंवा इलस्ट्रेशनचं क्षेत्र तुम्हाला जास्त मानवेल. तिकडे जाण्यात कमीपणा काही नाही.

२. साधनं, आणि कशावर पैसे घालवू नयेत

स्क्रीन मांडण्याचं आजचं मुख्य सॉफ्टवेअर म्हणजे फिग्मा. ते ब्राउझरमध्ये चालतं, त्यामुळे मॅकबुकची गरज नाही. आठ जीबी रॅमचा लॅपटॉप सुरुवातीला पुरतो. नवा घेत असाल तर सोळा जीबीचा घ्या, कारण फाइल मोठी झाली की आठ जीबीवर ती अडखळते. फिग्माच्या फुकट योजनेत शिकण्यापुरतं सगळं मिळतं. तुम्ही विद्यार्थी असाल तर कॉलेजची खातरजमा करून त्यांची शिक्षणासाठीची योजना मोफत घ्या.

एक जुना, स्वस्त अँड्रॉइड फोन जवळ ठेवा. घरात कुणाचा तरी पडलेला असतोच. फिग्माचं मोबाइल ॲप टाकून आपली स्क्रीन त्याच्यावर पाहायची सवय लावा. लॅपटॉपवर नाजूक दिसणारी फिकट राखाडी अक्षरं दुपारच्या उन्हात त्या फोनवर गायब होतात. बाकी एक वही आणि पेन्सिल. ड्रॉइंग टॅबलेट नको, आयपॅड नको. अडोबी एक्सडी हे फिग्मासारखं जुनं सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या क्लासला पैसे तर अजिबात देऊ नका. अडोबीने त्याचा विकास थांबवला आहे आणि कंपन्यांनी ते केव्हाच सोडलं आहे.

३. पहिले दोन महिने: हात बसवा

या काळात स्वतःच्या कल्पना बाजूला ठेवा आणि नक्कल करा. रोज वापरता त्या ॲपची एक स्क्रीन निवडा, तिचा स्क्रीनशॉट फिग्मात टाका आणि शेजारी तीच स्क्रीन शून्यापासून बांधा. झाली की स्क्रीनशॉट पन्नास टक्के पारदर्शक करून तिच्यावर ठेवा. कुठे किती सरकलं ते लगेच दिसतं. अशा वीस-पंचवीस स्क्रीन बांधल्या की डोळा तयार होतो. या नकला पोर्टफोलिओत, म्हणजे अर्जासोबत दाखवायच्या कामांच्या संग्रहात, मात्र ठेवायच्या नाहीत.

मापं (फिग्मात दिसणाऱ्या पिक्सेलमध्ये) सुरुवातीपासून ठरलेली ठेवा. अँड्रॉइडसाठी ३६० बाय ८०० ची फ्रेम, दोन्ही कडांना १६ चा समास, मधली अंतरं ८ च्या पटीत. बोटाने दाबायची कुठलीही गोष्ट अँड्रॉइडवर किमान ४८ बाय ४८, आयफोनवर ४४ बाय ४४. साध्या मजकुराचा रंग आणि त्यामागची पार्श्वभूमी यांच्यात ४.५ ला १ एवढा तरी उजळपणाचा फरक (कॉन्ट्रास्ट) हवा, मोठ्या अक्षरांना ३ ला १ चालतो. हे मोजणारे प्लगइन फिग्मात फुकट मिळतात.

ऑटो लेआउट, म्हणजे मजकूर बदलला की मांडणी आपोआप जुळवून घेणारी फिग्मातली सोय, पहिल्याच आठवड्यात शिका. नवशिके ते टाळतात आणि सगळं हाताने मांडतात. मग एखादं नाव लांब निघालं की अख्खी स्क्रीन विस्कटते. मुलाखतीत तुमची फाइल उघडून मजकूर बदलून पाहणारे लोक असतात. त्यानंतर कंपोनंट (बटणासारखा पुन्हा पुन्हा वापरायचा भाग) आणि त्याचे व्हेरिएंट (त्याची वेगवेगळी रूपं) शिका.

प्रत्येक स्क्रीनच्या पाच अवस्था काढायची शिस्त आत्ताच लावून घ्या: माहिती भरलेली, रिकामी, लोड होत असलेली, चूक झालेली आणि नेट नसलेली. नव्या माणसाच्या फाइलमध्ये बहुतेक वेळा पहिलीच असते.

४. देवनागरीत डिझाइन करायला शिका

हा भाग कुठल्याही कोर्समध्ये नीट शिकवत नाहीत, आणि नाशिकच्या मुलांनी नेमका यातच जोर लावावा. मराठी ग्राहकांपर्यंत पोचू पाहणाऱ्या बँका, शेती आणि आरोग्याची ॲप्स इंग्रजी स्क्रीन आधी बनवतात आणि शेवटी तिच्यात मराठी मजकूर कोंबतात. तो का बिघडतो हे सांगता येणारा डिझायनर टीममध्ये क्वचितच असतो.

ओळीची उंची ही पहिली अडचण. मराठीत वेलांटी, मात्रा, रफार वर जातात आणि उकार, ऋकार खाली येतात. इंग्रजीला १४० टक्के लाइन हाइट पुरते तिथे देवनागरीला १६० च्या आसपास ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. ठरावीक उंचीच्या बटणात तर मात्रा वरून कापलीच जाते. अक्षरही शेजारच्या इंग्रजीपेक्षा एक-दोन पिक्सेल मोठं घ्यावं लागतं, कारण जोडाक्षरं बारीक आकारात गच्च होतात.

दुसरी गोष्ट लेटर स्पेसिंगची, म्हणजे अक्षरांमधल्या अंतराची. इंग्रजी शीर्षकाला मोकळेपणा यावा म्हणून ते वाढवतात. तीच स्टाइल मराठीला लागली की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. देवनागरीला ते शून्यच ठेवा. शीर्षक उठून दिसण्यासाठी इंग्रजीत सगळी अक्षरं कॅपिटल करतात. आपल्याकडे ती सोय नाही, तेव्हा अक्षरांची जाडी, आकार किंवा रंग यांवर भागवायचं.

फॉन्ट निवडताना त्याची एक छोटी परीक्षा घ्या. ‘दुसऱ्या’, ‘कर्त्यांनी’, ‘हृदय’, ‘उद्ध्वस्त’ आणि ‘ॲप’ हे पाच शब्द टाइप करून पाहा. ‘ऱ्य’ नीट जुळत नसेल किंवा ‘ॲ’च्या जागी चौकोन येत असेल तर तो फॉन्ट सोडा. नोटो सान्स देवनागरी, मुक्ता आणि हिंद हे तिन्ही गूगल फॉन्ट्समध्ये फुकट आहेत आणि फिग्मात आपोआप दिसतात. काही फॉन्टांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ वेगळे दिलेले असतात, पण कोडमध्ये भाषा मराठी असं नोंदवल्याशिवाय ते उमटत नाहीत आणि हिंदी वळण दिसत राहतं. ही एक ओळ डेव्हलपरला लिहून द्या.

ग्राहकाकडून मजकूर आला की आधी तो युनिकोडमध्ये आहे का ते तपासा. छापखान्याच्या सवयीमुळे जुने मजकूर अजूनही श्रीलिपी किंवा कृतिदेव या युनिकोड नसलेल्या फॉन्टांत येतात आणि पेस्ट केल्यावर निरर्थक चिन्हं दिसतात. आकडे मराठी ठेवायचे की इंग्रजी तेही एकदाच ठरवा; एकाच स्क्रीनवर दोन्ही आले की रक्कम वाचताना माणूस थबकतो. आणि बटणावरचे शब्द वापरणाऱ्याच्या तोंडचे घ्या, शासन निर्णयातले नकोत.

५. एक खरा प्रश्न घ्या आणि शेवटपर्यंत न्या

पोर्टफोलिओ इथे ठरतो. जेवण मागवण्याच्या किंवा गाणी ऐकण्याच्या ॲपचं ‘रिडिझाइन’ हजारो जणांनी केलेलं आहे. बंगळुरूच्या मुलाला मिळणार नाही असा कच्चा माल तुमच्या तालुक्यात पडून आहे, तो उचला.

कांद्याचंच घ्या. लासलगावचे भाव मोबाइलवर मिळतात, मग डिझाइन करण्यासारखं काय उरलं असं वाटेल. निफाड किंवा येवल्याच्या एखाद्या शेतकऱ्यापाशी तासभर बसा. ‘आज भाव काय’ एवढाच त्याचा प्रश्न नसतो. ट्रॅक्टर आज भरायचा की आठ दिवस थांबायचं, आणि भरला तर लासलगावला न्यायचा, विंचूरला की पिंपळगावला, हे त्याला ठरवायचं असतं. लाल कांदा फार टिकत नाही, त्यामुळे त्याला थांबायची मुभा थोडी. उन्हाळ कांदा चाळीत काही महिने राहतो, म्हणून तिथे थांबणं हा खरा पर्याय असतो, पण सड आणि वजनातली घट सोसून.

आता याचा स्क्रीनवर काय परिणाम होतो ते पाहा. पहिला प्रश्न ‘कोणता कांदा’ हा असायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर बदलतं. भाव क्विंटलमागे किमान, कमाल आणि सरासरी असे तीन असतात. नुसती सरासरी मोठ्या अक्षरात दाखवली तर हलक्या प्रतीचा माल असलेला माणूस चुकीच्या आशेने निघतो. आवक किती झाली हे भावाच्या शेजारीच हवं, कारण आवक वाढली की उद्या काय होईल याचा अंदाज तो त्यावरूनच बांधतो. आणि तीन बाजार एकाखाली एक दिसले पाहिजेत, तीन वेगळ्या पानांवर नाही. बघा, अजून रंगाचा विषयही निघालेला नाही आणि चार निर्णय झाले. मुलाखतीत हेच सांगायचं असतं.

कांदा नको असेल तर द्राक्षबागेतल्या फवारणीची नोंद घ्या. निर्यातीच्या मालात औषधाचा अंश तपासला जातो, म्हणून औषध, प्रमाण, तारीख आणि शेवटच्या फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस गेले हे सगळं जपावं लागतं, तेही हात ओले असताना. अंबड-सातपूरच्या छोट्या कारखान्यांत जॉबवर्कची चलनं व्हॉट्सॲपवर फिरतात आणि महिनाअखेरीस हिशेब जुळत नाही, तोही चांगला विषय आहे. सिटीलिंकच्या बसची वाट पाहणारा प्रवासीही आहे. २०२७ च्या सिंहस्थाचं ॲप मात्र टाळा. ते सगळ्यांनाच सुचतं, आणि गर्दीत अडकलेल्या भाविकावर आज काहीच तपासून पाहता येत नाही.

काम पुढे असं न्या:

पाच ते सहा जणांशी बोला. नातेवाईक नकोत, ते तुमचं मन राखतात. ‘असं ॲप आलं तर वापराल का?’ हा प्रश्न विचारू नका. सगळे हो म्हणतात आणि त्याला काही अर्थ नसतो. ‘मागच्या वेळी माल नेला तेव्हा आदल्या दिवशी काय काय केलंत?’ असं विचारा. घडलेली गोष्ट सांगताना माणूस खरं सांगतो. रेकॉर्ड करायचं तर आधी परवानगी घ्या. शेतकऱ्याकडे लिलावाच्या सकाळी जाऊ नका, त्याला तुमच्यासाठी वेळ नसतो. दुपारनंतर जा.

ऐकलेलं एका वाक्यात बसवा: कोणाला, कोणत्या वेळी, काय ठरवायचं आहे आणि आज काय आडवं येतं. हे वाक्य जमत नसेल तर अजून दोघांशी बोला, फिग्मा उघडू नका.

मग कागदावर प्रवाह, म्हणजे कोणत्या स्क्रीननंतर कोणती येते तो क्रम, काढा आणि त्यावरून करड्या, रंगहीन स्क्रीन बनवा. त्या जोडून फोनवर पाच जणांच्या हातात द्या आणि एक काम सांगा: ‘पिंपळगावचा कालचा भाव काढून दाखवा.’ त्यानंतर गप्प बसा. तो अडला की मदत करण्याचा मोह अनावर होतो आणि तपासणी तिथेच वाया जाते. बोट कुठे थांबलं, काय पुटपुटला, कधी मागे गेला, हे टिपत जा. वापरसुलभतेच्या क्षेत्रातले जेकब नील्सन यांनी २००० साली हिशेब मांडला होता: एका फेरीला पाच माणसं पुरतात आणि पंधरा जणांची एकच फेरी करण्यापेक्षा पाच-पाच जणांच्या तीन फेऱ्या बऱ्या. मधल्या दुरुस्तीमुळे दुसरी फेरी नवं काहीतरी शिकवते.

रंग, चिन्हं, नीटनेटकेपणा हे सगळ्यात शेवटी.

६. केस स्टडी लिहा

केस स्टडी म्हणजे एका प्रकल्पाची प्रश्नापासून उत्तरापर्यंतची गोष्ट. असे दोन, फार तर तीन प्रकल्प पुरेत. प्रत्येकाच्या पहिल्याच पडद्यावर प्रश्न, तुमचा वाटा, लागलेला काळ आणि शेवटची मुख्य स्क्रीन दिसू द्या. अर्ज चाळणारा माणूस सुरुवातीला मिनिट-दोन मिनिटंच देतो. त्यानंतर निर्णय लिहा, आणि त्यासोबत टाकून दिलेला पर्यायही दाखवा: ‘आधी नकाशा ठेवला होता, पाचांपैकी चौघांनी तो उघडलाच नाही, म्हणून यादी केली.’ अशा तीन-चार जागा असल्या की काम खरं वाटतं.

काय खटकतं तेही सांगायला हवं. इंटरनेटवरून घेतलेल्या हसऱ्या फोटोचा ‘पर्सोना’ (वापरणाऱ्याचं नमुना-चित्र), जो कुणाशीही न बोलता बनवलेला असतो. डबल डायमंडची, म्हणजे डिझाइनचे टप्पे दाखवणारी दोन चौकटींची आकृती, जी प्रत्येकाने लावलेली असते. तिरप्या फोनचे मॉकअप, ज्यांतला मजकूर वाचताच येत नाही. आणि ‘विक्री ४० टक्क्यांनी वाढली’ यासारखा आकडा, तोही बाजारात न आलेल्या ॲपसाठी. त्यावर दुसरा प्रश्न आला की उत्तर नसतं.

पोर्टफोलिओ बिहान्स, नोशन किंवा फ्रेमरच्या फुकट पानावर चालतो. सोबत दहा एमबीच्या आतली पीडीएफ ठेवा. लिंक पाठवण्याआधी ती इनकॉग्निटो खिडकीत आणि फोनवर उघडून पाहा. फिग्माच्या फाइलला पाहण्याची परवानगी न दिल्यामुळे बरेच अर्ज उघडलेच जात नाहीत.

७. पदवी आणि क्लासबद्दल थोडक्यात

बारावीत असाल तर डिझाइनच्या पदवीसाठीच्या (बीडेस) दोन प्रवेश परीक्षा पाहा: यूसीड आणि एनआयडी या डिझाइन संस्थेची डॅट. यूसीडला कुठल्याही शाखेचा विद्यार्थी बसू शकतो, पण लागोपाठच्या दोन वर्षांत दोनदाच. पदवीनंतर एमडेससाठी (डिझाइनची पदव्युत्तर पदवी) सीड. यूसीड आणि सीड आयआयटी मुंबई घेते. अर्ज साधारण ऑक्टोबरात सुरू होतात आणि परीक्षा जानेवारीत असते. या परीक्षांतून शिरकाव झाला तर नक्की जा. नाही झाला म्हणून मोठी फी भरून कुठलंही खासगी बीडेस घेऊ नका, या क्षेत्रात पदवीपेक्षा पोर्टफोलिओ जास्त बोलतो.

क्लास लावायचा असेल तर फी भरण्याआधी त्यांच्या मागच्या बॅचच्या पाच मुलांचे पोर्टफोलिओ मागा. पाचही जणांचा तोच प्रकल्प आणि तेच रंग दिसले तर तिथून निघा. ‘नोकरीची हमी’ असेल तर ती लेखी कशी लिहिली आहे ते वाचा. किती अर्ज केले, किती हजेरी होती अशा अटींत ती बहुधा विरघळते. हप्त्यांची सोय म्हणजे कित्येकदा तुमच्या नावावर फायनान्स कंपनीचं कर्ज असतं. क्लास मध्येच सोडला तरी ते हप्ते चालूच राहतात.

८. अर्ज आणि मुलाखत

नाशिकच्या लहान आयटी कंपन्यांत जागा निघतात, पण जाहिरातीत ‘यूआय-यूएक्स डिझायनर’ असलं तरी सणांच्या पोस्ट, ब्रोशर आणि थोडं एचटीएमएल हेही करावं लागतं. वर्षभरासाठी हे वाईट नाही, कारण डेव्हलपरच्या शेजारी बसून कोडमध्ये काय सोपं आणि काय कठीण ते कळतं. फक्त जागा स्वीकारण्याआधीच विचारा: आठवड्यात ॲपचं काम किती? ते निम्म्याहून कमी असेल तर घेऊ नका.

पुण्या-मुंबईच्या किंवा घरून करायच्या कामासाठी लिंक्डइनवर नुसतं ‘अप्लाय’ दाबून फार काही होत नाही. त्या कंपनीतल्या डिझायनरला पाच ओळी लिहा: तुम्ही कोण, त्यांच्या ॲपमध्ये कोणती एक गोष्ट अडली, तिथे काय करता येईल, पोर्टफोलिओची लिंक, फोन नंबर. मराठी आवृत्तीतली एखादी तुटलेली स्क्रीन दाखवता आली तर उत्तर येण्याची शक्यता बरीच वाढते.

मुलाखतीचे साधारण तीन टप्पे असतात. पहिला केस स्टडी सांगणं, त्यासाठी वीस मिनिटांची मांडणी घड्याळ लावून पाठ करा. दुसरा एखाद्या ॲपची चिकित्सा, तिथे ‘रंग आवडला नाही’ म्हणू नका, कुणाचं कोणतं काम अडतं ते सांगा. तिसरा घरी करायची असाइनमेंट. सहा ते आठ तासांत होणारी असेल तर करा. त्यांच्या चालू प्रॉडक्टच्या दहा-बारा स्क्रीन मागत असतील तर ते फुकटचं काम आहे. त्याचं मानधन विचारा किंवा दुसऱ्या विषयावर असाइनमेंट मागा.

मुंबईला प्रत्यक्ष बोलावलं तर वेळ दुपारी एकनंतरची मागून घ्या. पंचवटी एक्सप्रेसने सकाळी नाशिकरोडहून निघालं तर अकराच्या सुमारास सीएसएमटी येतं, पण पवई किंवा अंधेरी गाठायला तासभर धराच.

९. कागदपत्रं, करार आणि बाहेरची कामं

रुजू होताना आधार, पॅन, बँकेचा रद्द केलेला चेक, दहावीपासूनच्या गुणपत्रिका, फोटो आणि आधीची नोकरी असेल तर रिलीव्हिंग लेटर लागतं. सगळ्यांच्या झेरॉक्स द्या, मूळ प्रती दाखवून परत घ्या. मूळ गुणपत्रिका ठेवून घेणारी किंवा ‘डिपॉझिट’ मागणारी जागा सोडून द्या. ऑफर लेटरमध्ये पद, प्रोबेशनचा काळ, नोटीस पीरियड आणि बॉन्ड या चार ओळी आधी वाचा. वार्षिक आकडा मोठा दिसला तरी दरमहा हातात किती येणार ते लेखी विचारा. केलेलं काम पोर्टफोलिओत दाखवता येईल का, हेही तेव्हाच विचारून घ्या. नंतर परवानगी मिळणं अवघड जातं.

नोकरी मिळेपर्यंत बाहेरची कामं घ्यायची तर ओळखीतल्या माणसाशीही ईमेलवर ठरवा: किती स्क्रीन, किती दुरुस्त्या, किती दिवस. निम्मे पैसे आधी, दुरुस्त्यांच्या दोन फेऱ्या, त्यापुढे वेगळे पैसे, आणि मूळ फिग्मा फाइल शेवटचा हप्ता आल्यावर. लहान उद्योगांसाठीची ‘उद्यम’ नोंदणी सरकारी पोर्टलवर मोफत होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. सेवांची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. कंपनीने बिलातून टीडीएस कापला असेल तर तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का ते आयकर पोर्टलवरच्या करजमेच्या विवरणात (२६ एएस) तपासा. जमा नसेल तर विवरणपत्र भरण्याआधीच त्यांच्या अकाउंट्स विभागाच्या मागे लागा.